चुंबळ आणि सागवानी पाय

दसऱ्याची आपट्याची पानं देवापुढे सुकायला लागली की मी पाणसळ काढते आणि स्पीकरवर ठेवते. पाणसळ म्हणजे गवंडी लादी बसवताना ठेवतात ती पट्टी. मधल्या काचेत एक बुडबुडा असतो. तो मध्यावर असला की जागा सपाट. गेली तीन वर्षं तो मध्यावरच आहे. बाविसाव्या मजल्यावरची ही जमीन सिमेंटची, ती पावसाळ्यात फुगत नाही आणि ऑक्टोबरात आकसत नाही. तरी मी दर वर्षी बघते. सवय, दुसरं काय. यंदाही बघितलं आणि पाणसळ खणात परत ठेवत होते, तेवढ्यात बेल वाजली.

दारात मधुरा होती. माझ्या बरोबर खालच्या घरात, एकविसाव्या मजल्यावर, ती आणि तिचा नवरा राहतात. दोघंही घरूनच काम करतात. हातात डबा होता, म्हणजे तक्रार असणार हे मी ओळखलं.

"काकू, राग मानू नका हं," ती म्हणाली. "संध्याकाळी तुमचं म्युझिक चालू असतं ना, ते गाणं वगैरे काही ऐकू येत नाही आम्हाला. पण हॉलमध्ये एक धप् धप् असं येत राहतं. माझे नेमके तेव्हाच कॉल्स असतात. स्पीकरखाली घालायला रबराचे पाय मिळतात म्हणे. लिंक पाठवू का?"

मी म्हटलं, पाठव. डबा घेतला. आत नारळाच्या वड्या होत्या, बऱ्या होत्या.

तिची लिफ्ट खाली पोचायच्या आत लिंक आली. चार काळे रबरी पाय, खाली तारे आणि लोकांचे अभिप्राय. कोकणातल्या माणसाला कोणी नारळ सोलायला शिकवावं तसं मला झालं. स्पीकरच्या पायांवर एका ऑक्टोबरात मी जेवढं डोकं शिणवलं तेवढं लोक मुलीचं लग्न ठरवताना शिणवत नसतील. माझे स्पीकर तेव्हा ज्यांवर उभे होते ते पाय मुद्दाम असे करून घेतले होते, की धप् धप् खाली जावी. हे मधुराला कसं सांगायचं? सांगितलं नाही.

काळाचौकीला आमची चाळ होती, तिथे ऑक्टोबर आधी तळपायांना कळायचा. जमीन सागवानी फळ्यांची. चार महिने पाऊस पिऊन फळ्या फुगलेल्या असायच्या, दारं चौकटीत अडकायची, टेबलाचा खण ओढला तर अख्खं टेबल पुढे यायचं. मग नवरात्र संपता संपता जे ऊन पडायचं ते असं, की गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक व्हायचा. लाकूड आकसायला लागायचं. दुपारी सगळीकडे सामसूम असताना एका कोपऱ्यात टक्, थोड्या वेळाने दुसऱ्या कोपऱ्यात टक्. फळ्यांमध्ये फटी पडायच्या. वरच्या बिऱ्हाडाने तांदूळ निवडायला घेतले की चार दाणे खालच्याच्या डोक्यात. सुई पडली तर खालच्या मजल्यावर जाऊन मागायची, अशी रीतच होती. माझी आई म्हणायची, चाळीत सामान हरवत नाही, मजला बदलतं.

या सगळ्याला एक वास होता. वाळलेल्या लाकडाचा, उन्हात टाकलेल्या गाद्यांचा आणि कोणाकडे तरी चकलीची भाजणी भाजत असायची तिचा. तो वास मला अजून येतो असं मी म्हणणार नाही. येत नाही. बाविसाव्या मजल्यावर वासच येत नाहीत, फार तर रंगकामाचा.

स्पीकर मी निवृत्त झाल्यावर घेतले. दादरच्या पारशी कॉलनीतले एक वयस्कर गृहस्थ मुलीकडे परदेशी चालले होते, त्यांचे. अक्रोडी रंगाची दोन खोकी, गुडघ्याएवढी उंच, उचलायला दोन माणसं लागतील अशी. बरोबर अॅम्प्लिफायर आणि दोन पेट्या भरून रेकॉर्ड. चाळीत कुजबुज झालीच, एकट्या बाईला एवढं काय करायचंय म्हणून. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या प्रत्येक खरेदीवर चाळीचा हा प्रश्न ठरलेला. साधा तीन लिटरचा कुकर घेतला तेव्हाही विचारला होता.

नोकरी माझी परळच्या एका इस्पितळात, लोकांचे कान तपासायची. एका लहानशा बंद खोलीत माणूस बसतो, त्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेरून मी बारीक, जाड, हळू, मोठे असे सूर सोडायचे आणि त्याने ऐकू आलं की बटण दाबायचं. त्यावरून कागदावर आलेख काढायचा. एकतीस वर्षं हेच. घरी आले की रेडिओसुद्धा नको वाटायचा. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, आता एकदा स्वच्छ ऐकायचं. कोणाचा कान गेलाय का हे न बघता, नुसतं आपल्यासाठी. हौस म्हणा, हट्ट म्हणा, माझा एवढा एकच.

आता नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, पण आमचं अंगण खरंच वाकडं होतं. ऑक्टोबर आला की फळ्या हलायच्या आणि स्पीकर डुगडुगायचे. मी कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या घड्या करून खाली सरकवायचे. सप्टेंबरला एक घडी, ऑक्टोबरला तीन. तेवढ्यावर भागत होतं.

मग तो ऑक्टोबर आला, चाळीतला शेवटचा. पुनर्विकासाच्या सह्या झाल्या होत्या, डिसेंबरअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. दसऱ्यापासूनच एकेक बिऱ्हाड हलायला लागलं. सकाळी जिन्यात कपाट अडकलेलं, संध्याकाळी त्या दाराला कुलूप. चार-दोन दिवस आड एखाद्या खोलीची खिडकी बंद दिसायची. त्या दिवसांतच एकदा मी खाली सुलभाकडे विळी परत द्यायला गेले.

सुलभा माझ्या बरोबर खालच्या खोलीत राहायची, नवरा आणि सासरे नाना यांच्यासोबत. नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे. सगळं आयुष्य गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर गेलेलं. शेकडो साचे एका छताखाली धडधडायचे तिथे माणसाचे कान किती टिकणार? नानांचे पन्नाशीतच गेले. पुढे तर दाराशी फटाका फुटला तरी मान वळायची नाही. बोलायचेही कमी, कारण आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस बोलायला कचरतो. हे मी किती जणांत पाहिलंय.

मी वर रेकॉर्ड लावून तशीच खाली आले होते. विळी द्यायला दारात उभी राहिले आणि बघते तर काय, सुलभाच्या फळीवरची पितळेची भांडी थरथरतायत. पातेल्यांवरच्या झाकण्या किणकिण वाजतायत. तो माझ्याच रेकॉर्डवरचा पखवाज होता. वर मला गोड वाटत होता तो खाली भांडी हलवत होता. भिंतीशी सागवानी खांब होता, माझ्या खोलीची तुळई त्याच्यावरच टेकलेली, आणि त्या खांबाला पाठ लावून नाना बसले होते. डोळे मिटलेले, एक तळवा मागे खांबावर. चेहऱ्यावर काही नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सुलभा, हे रोज असं होतं? अगं, सांगायचं नाही का?"

"असू दे ओ ताई," ती म्हणाली. "भांडी काय, आमच्या हलतातच. खालून ट्रक गेला तरी हलतात."

"आणि नाना?"

"त्यांना कुठे काय ऐकू येतंय? रोज पाच वाजले की तिथेच बसतात. खांब गार लागतो पाठीला."

ती हसून म्हणाली, पण मला काही ते पटलं नाही. ऐकू येत नसलं तरी धक्के बसत असणारच. म्हातारा माणूस, अंगात जीव राहिलेला नाही, राहत्या जागेतले शेवटचे दोन-अडीच महिने, आणि त्याच्या पाठीत मी रोज दोन तास हातोडा मारतेय. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं ते मी सोसणं समजले. ठरवलं, डिसेंबरपर्यंत या माणसाला शांतपणे बसता आलं पाहिजे. आणि गाणं तर मला बंद करायचं नव्हतं. म्हणजे पाय शोधणं आलं.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या मागे कोणी येतंय का ते आधी पाहिलं. कोणी नाही म्हटल्यावर विचारलं, "मॅडम, सेटअप कौन करेगा? घर में जेन्ट्स लोग?" मी म्हटलं, मीच. मग त्याने मला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं, त्याचं श्रेय त्याला. स्पीकरचे पाय दोनच जातीचे. एक टोकदार, खिळ्यासारखे. ते स्पीकरला जमिनीशी घट्ट जोडतात, स्पीकर हलला की जमीन हलते. दुसरे मऊ, रबराचे. ते मध्येच हादरा गिळतात, खाली जाऊ देत नाहीत. "लकडी का फ्लोअर है तो रबर लो," तो म्हणाला. "आवाज वहीं का वहीं. नीचेवाला भी खूश."

मी आठ रबरी पाय आणले. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांनी फळ्यांवर काळे डाग पाडले आणि चार दिवसांत एका बाजूला दबले. बुडबुडा डावीकडे. इंटरनेटवर पाहिलं, तिथे देशोदेशीचे पुरुष एकमेकांशी भांडत होते. एक म्हणे टेनिसचा चेंडू अर्धा कापा, दुसरा म्हणे ग्रॅनाइट, तिसरा बुचाचं लाकूड. मी चेंडूही कापून पाहिले. दोन्ही स्पीकर दारू प्यायल्यासारखे उभे राहिले.

सुचलं ते कोळणीमुळे. वरळी कोळीवाड्याची ती बाई आमच्या चाळीत मासे घेऊन यायची. डोक्यावर भरलेली पाटी, आणि तीन जिने धाडधाड चढून यायची. मी दारात उभी राहून बघत होते. बाई अख्खी हलत होती, पाटी जागच्या जागी. पाटीखाली चुंबळ होती. कापड पिळून गोल केलेली साधी चुंबळ. आमच्याकडे माठाखालीही तीच असायची. म्हटलं, मी मूर्ख, लॅमिंग्टन रोडपर्यंत तंगडतोड कशाला केली?

काथ्याची दोरी आणली, तिचं परातीएवढं वेटोळं केलं आणि वर जुनी सुती साडी फाडून घट्ट गुंडाळली. अशा दोन चुंबळी. एकेका स्पीकरखाली एक. डुगडुग थांबली, बुडबुडा मध्यावर आला. आणि आवाज! तो मी विसरणार नाही. इतके दिवस पखवाजाखाली जमीनही वाजत होती, ती गप्प झाली आणि नुसता पखवाज उरला. तानपुऱ्याची एकेक तार सुटी ऐकू आली. ज्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते हेच. मी रेकॉर्ड चालू ठेवून खाली गेले. भांडी स्तब्ध. नाना खांबाला टेकून बसलेले, तळवा खांबावर. मी सुलभाला म्हटलं, बघ, आता त्रास नाही. ती म्हणाली, बरं केलंत ताई. मी वर आले आणि कितीतरी दिवसांनी अगदी खुशीत ऐकत बसले.

करायला गेले गणपती, झाला मारुती. आठ दिवसांनी सुलभा वर आली. दारात उभी राहून तिने माझ्याकडे जरा निरखूनच पाहिलं.

"ताई, एक विचारू? तुम्ही गाणी लावायची बंद केलीत काय?"

"नाही गं. रोज लावते की."

"मग नानांचं काय ते कळत नाही. रोज विचारतात, वरची बाई गेली काय गे? मी सांगते खुणेने, आहेत, आहेत. त्यांना खरं वाटत नाही. म्हणतात, माका फसवतंस. खांबाला हात लावून बघतात, मान हलवतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. ट्रंकेत कपडे भरून ठेवलेत. दोन दिवस धड जेवले नाहीत. म्हणतात, वरची गेली, आता आपली पाळी."

मी तिला बसायला सांगायलाही विसरले.

माझ्या कामात एक गोष्ट होती. हेडफोनवरची तपासणी झाली की कानामागच्या हाडावर एक थरथरणारी चकती टेकवून पुन्हा सूर सोडायचे, लागलं की हात वर. ज्यांचे कान पार गेलेले असत तीही माणसं जाड सुरांना हात वर करायची. विचारलं तर म्हणायची, ऐकू नाही आलं, पण जाणवलं. आम्हाला शिकवलेलं होतं की ते धरायचं नाही. ते ऐकणं नव्हे, नुसता स्पर्श. आलेखावर एक खूण करायची आणि सोडून द्यायचं. नानांचा आलेख मीच काढला होता, वीसेक वर्षांपूर्वी, सुलभाच्या लग्नाच्याही आधी. त्यांनीही जाड सुरांना हात वर केला होता, खूश होऊन. आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात ती खूण करून सोडून दिलं होतं. मला ते सगळं आठवत होतं. खांबाला टेकलेला माणूस दोनदा पाहूनसुद्धा मला सुचलं नाही. मला माझी लाज वाटली.

पाच वाजता गार खांबाला टेकायला येत नव्हते ते. मी पाच वाजता रेकॉर्ड लावायचे म्हणून येत होते.

लालबागला विश्राम सुतार म्हणून होते, गणपतीचे पाट आणि मखरं करणारे. गणपती, नवरात्र झालं की त्यांचा हात मोकळा असायचा. त्यांना सांगितलं, स्पीकरला पाय हवेत, असे की जेवढं धडधडेल तेवढं खाली गेलं पाहिजे. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. "ताई, लोक उलटं सांगतात."

"मी पण आधी उलटंच केलं होतं," मी म्हटलं.

"मग सागवानाचे घ्या. जमीन सागाची, पाय सागाचा, मध्ये दुसरं काही नको. आणि चार नको, तीनच. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. चुलीला तीन दगड का असतात?" इतके दिवस मी कालनिर्णयची पानं दुमडत होते आणि उत्तर एवढं साधं होतं. त्यांनी सहा पाय कातून दिले, वर जाड, खाली निमुळते, अंगठ्याएवढ्या टोकाचे. तुळई कुठून जाते ते फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगेवरून शोधलं, आणि दोन्ही स्पीकर खांबाच्या बरोबर वर, शेजारी शेजारी उभे केले. स्पीकर असे चिकटून ठेवायचे नसतात. कोणत्याही जाणकाराने कपाळावर हात मारला असता.

पखवाज लावला, आवाज चढवला आणि जिना उतरून खाली धावले. सुलभा दारातच होती. झाकण्या वाजायला लागल्या होत्या. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले. सुलभाने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि खांबाकडे बोट केलं. ते नाखुषीने उठले, सरकत सरकत गेले, तळवा टेकवला. मग दुसरा तळवा. मग वळून पाठ टेकवली आणि डोळे मिटले.

"आसा गे," ते म्हणाले. "गेलली नाय."

डोळे उघडले तेव्हा त्यांना दारात मी दिसले. त्यांनी वर छताकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"तू हय? मगे वर कोण?"

सुलभा हसायला लागली, मीही हसले. हाताने रेकॉर्ड गोल फिरते ते करून दाखवलं. त्यांना कळलं, तेही बोळक्या तोंडाने हसले. मग त्यांनी माझा हात धरून खांबावर टेकवला. "हय. गावला?"

मला काहीच गावलं नाही. खरं सांगते. कान उघडे होते, भांडी वाजत होती, त्यातून तळव्याला वेगळं असं काही कळेना. मी मान डोलावली, हो म्हटलं. पण माणूस हुशार. त्यांनी स्वतःच्या कानांत बोटं घालून दाखवली, घाल म्हणून. मी एक हात खांबावर ठेवला, एक कान खांद्याने दाबला, दुसऱ्यात बोट घातलं. तेव्हा लागलं. लाकडाच्या आत खोलवर, बारीक, ठेक्यात. सम कुठे आली तेही कळलं.

पुढचे दोन महिने मी वाईट आवाज ऐकला. हे सांगायला हवं, नाहीतर मी फार मोठं मन असलेली बाई वाटेन. दोन्ही स्पीकर एकाला एक चिकटलेले, खालून जमीन गुरगुरतेय, तानपुरा त्यात कुठे बुडून गेलेला. ज्यासाठी एकतीस वर्षं थांबले ते आठ दिवस मिळालं आणि गेलं. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि पाच वाजले की हात आपोआप पखवाजाच्या रेकॉर्डकडे जायचा. दोन्ही खरं. कधी सकाळी, नाना झोपलेले असताना, चुंबळी घालून ऐकावं असं मनात यायचं. एकदा घातल्याही. मग वाटलं, ते उठले आणि हात लावून बघितला तर? काढून ठेवल्या. एखादा दिवस मी बाहेरगावी असले तर सुलभाकडे किल्ली द्यायची, ती पाच वाजता येऊन रेकॉर्ड लावून जायची. नाना म्हणायचे म्हणे, आज ठेको वायच हलको आसा, बाई नाय वाटता. असेलही. सुलभा आवाज कमीच ठेवायची.

डिसेंबरात आम्ही सगळे हललो. नाना संक्रमण शिबिराच्या खोलीत, तळमजल्यावर. सुलभा सांगायची, तिथेही भिंतीला हात लावून बघायचे. दुसऱ्या वर्षी वारले. टॉवरमध्ये सुलभाला नववा मजला लागला, मला बाविसावा. चाळीचे खांब कोणी विकत नेले ते ठाऊक नाही. इथे आल्यावर स्पीकर मी दूर दूर, ठेवायचे तसे ठेवले. पाय मात्र विश्राम सुतारांचेच ठेवले. सिमेंटवर त्यांचा उपयोग नाही असं मी धरून चालले होते. इथे खाली कोण बसलंय खांबाला टेकून?

मधुराची लिंक दोन दिवस फोनमध्ये पडून होती. तिसऱ्या दिवशी मी माळ्यावरची पिशवी काढली. चुंबळी तशाच होत्या, काथ्याला जरा वास येत होता, उन्हात टाकल्या. सुलभा भाजणी द्यायला आली होती, तिला हाताशी घेऊन स्पीकर उचलले. तिने सागवानी पाय एकेक करून पदराने पुसले.

"हे मी नेऊ?" तिने विचारलं. "सगळे नको. एक."

मी म्हटलं, तीन ने. एकट्या पायाचं काय करणार? ती घेऊन गेली. उरलेले तीन पाणसळीच्या खणात आहेत.

संध्याकाळी पाच वाजता पखवाज लावला. आवाज स्वच्छ आला. तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या. मी उठून हॉलमधल्या खांबाला तळवा लावला, एक कान खांद्याने दाबला, दुसऱ्यात बोट घातलं. काही नाही. सहा वाजता मधुराचा मेसेज आला, "काकू, आता काहीच येत नाहीये. थँक यू सो मच!" मी अंगठा पाठवला.

योग्य तेच झालं. तिचे कॉल्स नीट होतील, मला गाणं नीट ऐकू येईल. फक्त आता मी आठ दिवस काही लावलं नाही, तरी खालून कोणी वर येऊन विचारणार नाही, बाई गेली काय म्हणून.